फोटोतला धडा वाचता यावा म्हणून

गोव्यातल्या अनेक शाळांत टिपणे अशी पोचतात: बाई फळ्यावर लिहितात, मोबाइलने फोटो काढतात आणि वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतात. ज्याला नीट दिसते आणि भरभर वाचता येते त्याचे काम तेवढ्यावर भागते. ज्या मुलीला दिसत नाही तिचा फोन बहुधा एवढेच सांगतो की इथे एक चित्र आहे. अधू नजरेचा मुलगा फोटो मोठा करून बघतो, तर अक्षरे पुसट होतात आणि ओळ पडद्याबाहेर जाते. डिस्लेक्सिया, म्हणजे अक्षरे वाचण्यात अडचण असलेल्या मुलाला तोच मजकूर ऐकून समजला असता, पण तो ऐकवायला घरी कोणी मोकळे असेलच असे नाही.

आजवर ही पोकळी माणसांनी भरली. कुणाच्या आईने रात्री बसून टिपणे वाचून रेकॉर्ड केली, कुणा शिक्षिकेने सगळे पुन्हा टाइप केले. कृत्रिम बुद्धिमत्ता, म्हणजे सगळे जिला एआय म्हणतात ती, यातले कष्टाचे काम आता काही मिनिटांत करून देते. म्हणून विज्ञानाचा किंवा संगणकाचा नसलेला, साधा मराठी किंवा समाजशास्त्र शिकवणारा शिक्षकही हे काम स्वतः हाती घेऊ शकतो. फक्त एआय कुठे भरवशाचे आणि कुठे फसवे, हे आधी कळले पाहिजे.

अक्षर अक्षर म्हणून साठवलेले हवे

फोटो किंवा स्कॅन केलेली पीडीएफ यंत्राच्या दृष्टीने निव्वळ रंगीत ठिपके असते. 'नदी' हा शब्द आपल्याला दिसतो, पण फाइलमध्ये न, द, ई असे काही साठवलेलेच नसते. मजकूर बोलून दाखवणारा प्रोग्राम, ज्याला स्क्रीन रीडर म्हणतात, तो साठवलेली अक्षरे वाचतो. अँड्रॉइड फोनमध्ये टॉकबॅक नावाचा स्क्रीन रीडर आधीपासून असतो. संगणकासाठी एनव्हीडीए फुकट मिळतो. ऑस्ट्रेलियातल्या दोन अंध प्रोग्रामरांनी २००६मध्ये त्याचे काम सुरू केले. आपली पीडीएफ यांना वाचता येईल का, हे बघायची सोपी खूण आहे. एखाद्या शब्दावर बोट दाबून धरा. शब्द निवडला गेला नाही, तर ते चित्र आहे.

शब्द निवडला गेला तरी मराठीत आणखी एक जुने दुखणे उरते. युनिकोड, म्हणजे प्रत्येक अक्षराला जगभर एकच ठरलेला क्रमांक देणारी पद्धत. तिच्यात देवनागरी १९९१पासून आहे, पण त्यानंतरही वर्षानुवर्षे आपले छापखाने, शाळा आणि कार्यालये श्रीलिपी, कृतिदेव, आकृती यांसारख्या फाँटांवर चालली. कृतिदेवमध्ये 'गोवा' टाइप केले की फाइलमध्ये एक्स, के, एस, ओ, के ही रोमन अक्षरे साठतात आणि फाँट त्यांच्या जागी देवनागरी आकार काढून दाखवतो. डोळ्यांना गोवा दिसतो आणि स्क्रीन रीडर ती रोमन अक्षरे बोलत सुटतो. शाळेच्या संगणकातल्या जुन्या प्रश्नपत्रिका आणि टिपणे उघडून पाहा, त्यांतली बरीच अशी निघतील.

या दुखण्याला एआय लागत नाही. कोणत्या फाँटमध्ये कोणत्या रोमन अक्षराला कोणता देवनागरी आकार, हे ठरलेले असते, त्यामुळे नियमांवर चालणारा साधा फाँट कन्व्हर्टर ते काम करतो. ठरलेल्या नियमाने होणारे काम अंदाजाने चालणाऱ्या यंत्राकडे देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

हातात फक्त छापील पान किंवा फोटो असेल, तेव्हा एआयची खरी गरज पडते. चित्रातून अक्षरे ओळखण्याला ओसीआर म्हणतात. जुने ओसीआर एकेक अक्षराचा आकार ताडून पाहायचे. देवनागरीत शिरोरेषेने अक्षरे एकमेकांना जोडलेली, वर-खाली मात्रा आणि जोडाक्षरे तर शेकडो, त्यामुळे ते जागोजागी अडखळायचे. नव्या पद्धती पूर्ण ओळ एकदम पाहतात आणि आधी शिकलेल्या असंख्य ओळींच्या आधाराने इथे कोणता शब्द असावा हे ठरवतात. गप्पा मारणारे मोठे एआय तर मागच्या-पुढच्या वाक्यांचा अर्थही धरते. म्हणून त्याचे काम पूर्वीपेक्षा खूपच चांगले होते, आणि त्याची चूक पकडणेही त्यामुळेच अवघड जाते.

जुन्या ओसीआरची चूक डोळ्यांत खुपायची, कारण तिथे भलतीच चिन्हे उमटलेली असायची. नव्या एआयची चूक हा शुद्ध, वाक्यात नीट बसणारा मराठी शब्द असतो. गणिताच्या पानावर घ आणि ध यांतला फरक थोडा पुसट झाला की 'धन' चे 'घन' होऊ शकते, आणि गणितात दोन्ही शब्द आहेत. इतिहासाच्या टिपणात १९६१ च्या जागी १९६७ आले तर ओळ वाचताना खटकतही नाही, कारण दोन्ही वर्षे गोव्याच्या इतिहासातली आहेत. एक मुक्तीचे आणि एक जनमत कौलाचे. पानाचा कोपरा सावलीत असेल तर एआय तिथले वाक्य गाळते किंवा स्वतःच्या मनाने पुरे करते. डोळस विद्यार्थी मूळ फोटोशी ताडून पाहील. जिच्यासाठी आपण हे करत आहोत तिला ती सोय नाही, म्हणून तपासणीची जबाबदारी पूर्णपणे आपली.

फोटो दिवसाच्या उजेडात, पान सपाट ठेवून, एका वेळी एकच पान असा घ्यावा. पानावर दोन रकाने असतील तर ते वेगवेगळे द्यावेत, नाहीतर डावीकडची अर्धी ओळ उजवीकडच्या ओळीला जोडली जाते. सूचना अशी द्यावी: "या पानावरचा मजकूर जसाच्या तसा मराठीत उतरवून दे. शुद्धलेखन सुधारू नकोस, वाक्ये बदलू नकोस. जे वाचता येत नाही तिथे 'अस्पष्ट' असे लिही, अंदाज करू नकोस." एवढ्याने सगळ्या चुका टळत नाहीत, पण कमी होतात. मग तपासताना आधी आकडे, वर्षे, नावे, सूत्रे आणि 'नाही', 'नसते', 'खेरीज' असे अर्थ उलटवणारे शब्द पाहावेत. त्यानंतर फोनला मजकूर मोठ्याने वाचायला लावावा आणि मूळ पानावर बोट ठेवून ऐकावे. नुसते डोळ्यांनी वाचताना सुटणाऱ्या चुका कानाला सापडतात.

गोव्यात आणखी एक गुंता आहे. इथे कोकणी आणि मराठी दोन्ही देवनागरीत लिहिल्या जातात आणि एकाच पानावर दोन्ही असणे नेहमीचे. एआय कोकणी वाक्याला चुकीची मराठी समजून 'आसा' चे 'आहे' करून टाकते. कोणत्या ओळी कोकणी आहेत हे त्याला आधीच सांगावे. फाइलची भाषाही मराठी अशी नोंदवावी आणि फोनमध्ये मराठी आवाज निवडावा, नाहीतर हिंदी आवाज मराठी मजकूर वाचतो आणि 'चमचा', 'जास्त', 'झाड' हे शब्द कानाला परके वाटू लागतात. लहान वयात धडा ऐकून शिकणाऱ्या मुलासाठी हा उच्चारच भाषेचा पाया असतो.

चित्र सांगायचे कसे

मजकूर मोकळा झाला की पुढचा प्रश्न चित्रांचा. स्क्रीन रीडरला वाचता यावे म्हणून चित्रामागे लिहून ठेवलेल्या वर्णनाला पर्यायी मजकूर म्हणतात. हे वर्णन एआय लगेच लिहून देते, आणि इथेच शिक्षकाची गरज सर्वांत जास्त असते.

खाजन शेतीच्या, म्हणजे खाऱ्या पाण्यापासून बांध घालून राखलेल्या शेतीच्या धड्यातली आकृती घ्या. बांध, त्याच्या एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला शेत आणि मधे मानस, म्हणजे पाणी अडवणारी आणि सोडणारी दारे. एआयला नुसते "या चित्राचे वर्णन कर" म्हटले तर साधारण असे उत्तर मिळते: "चित्रात पाणी, मातीची भिंत, लाकडी दरवाजा आणि हिरवे शेत दिसते." यात खोटे काही नाही. पण मुलीला यातून धडा कळत नाही. आकृती तिथे छापली आहे ती मानस कशी चालते हे समजावे म्हणून, आणि नेमके तेच वर्णनातून निसटले.

आता एआयला हेतू सांगितला की फरक पडतो: "हे सातवीच्या विद्यार्थ्यांसाठी आहे. भरती आणि ओहोटीच्या वेळी मानशीतून पाणी कसे अडते आणि कसे जाते हे कळावे म्हणून ही आकृती आहे. डावीकडून उजवीकडे सांग. रंगांचे वर्णन नको." मग तपासून, हात फिरवून वर्णन असे होते: "बांधाचा उभा छेद. डावीकडे नदी, उजवीकडे शेत, मधे बांधात बसवलेली मानस. भरतीला नदीची पातळी वाढते, पाण्याच्या दाबाने मानशीची दारे मिटतात आणि खारे पाणी शेतात शिरत नाही. ओहोटीला नदीचे पाणी उतरते, तेव्हा शेतात साठलेले पाणी दारे ढकलून नदीत जाते." डोळस मुलांनाही हे वर्णन उपयोगी पडते, कारण अनेकांनी दिवाडीला किंवा चोडणला जाताना मानस पाहिलेली असते, पण ती चालते कशी हे कुणी सांगितलेले नसते.

वर्णन करताना एक जागा सांभाळायची. आकृतीखाली "भरतीच्या वेळी दारे उघडी असतात की बंद?" असा प्रश्न असेल, तर वरच्या वर्णनात उत्तर आलेच. परीक्षेसाठी वर्णनाची वेगळी प्रत करावी लागते, ज्यात नदी कुठे, शेत कुठे, दारे कुठल्या बाजूला उघडतात एवढेच असेल आणि निष्कर्ष मुलीला काढू द्यावा. हा भेद एआय आपणहून करत नाही. आणि शोभेसाठी टाकलेली फुले-पाने असतील तर ती सजावट आहे अशी नोंद करून सोडून द्यावी. प्रत्येक वेलबुट्टी ऐकत बसायला कुणाला वेळ आहे?

नकाशाचा प्रश्न नुसत्या वर्णनाने सुटत नाही. गोव्याच्या १२ तालुक्यांचा नकाशा शब्दांत सांगितला तर यादी होते, आकार कळत नाही. त्यासाठी पुठ्ठ्यावर दोरा चिकटवून सीमा उठावदार करणे, नदीसाठी वेगळ्या पोताचा धागा घेणे, हेच उत्तम. कोणता तालुका कोणाला लागून आहे याचा मजकूर एआय सोबतीला लिहून देईल, पण तो नकाशाशी ताडून घ्यावा, कारण दिशा आणि सीमा सांगताना ते बिनधास्त चुकते. नकाशात फक्त लाल-हिरव्याने फरक दाखवला असेल तर नावे किंवा रेघांची नक्षीही द्यावी. लाल-हिरवा रंग वेगळा न दिसणे मुलांमध्ये मुलींपेक्षा कितीतरी जास्त आढळते आणि अशा मुलाला बहुधा ते स्वतःलाही ठाऊक नसते.

गणितात बोललेले सूत्र फसवते. "अ अधिक ब भागिले क" असे ऐकले तर भागाकार फक्त ब ला की पूर्ण बेरजेला? सूत्राचे चित्र ठेवण्याऐवजी ते मॅथएमएल या स्वरूपात असेल तर योग्य जोड-प्रोग्राम बसवल्यावर स्क्रीन रीडर अंश कुठे सुरू झाला आणि छेद कुठे संपला हे सांगू शकतो. फोटोतल्या सूत्रावरून असे रूपांतर एआय चांगले करते. छापील सूत्रे जवळजवळ बरोबर येतात, हाताने लिहिलेली मात्र एकेक करून पाहावी लागतात.

सोपे करताना काय गळते

"हा उतारा सोप्या भाषेत लिहून दे" हे एआयचे सर्वांत लोकप्रिय काम. ज्याला वाचताना त्रास होतो त्याला, किंवा घरी कन्नड वा हिंदी बोलणाऱ्या आणि शाळेत मराठीतून शिकणाऱ्या मुलाला त्याचा मोठा आधार होतो. पण सोपे करणे आणि पोचवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अंध मुलीला सोपा धडा नको असतो, तिला तोच धडा हवा असतो. दिव्यांग म्हटले की अभ्यासक्रम पातळ करून द्यायचा, ही सवय मला फार दुखावते, आणि एआयमुळे ती आणखी सहज लागेल अशी भीती वाटते.

ज्याला खरोखर सोपे हवे आहे त्याच्यासाठीही सूचना नेमकी असावी: वाक्ये लहान कर, एका वाक्यात एकच गोष्ट सांग, पारिभाषिक शब्द तसेच ठेव आणि पहिल्यांदा आले तिथे अर्थ दे. 'बाष्पीभवन' हा शब्द काढून टाकला तर मूल परीक्षेत तो पाहून गोंधळेल. सोपे करताना एआयच्या हातून जोडणारे शब्दही सुटतात. समजा मूळ वाक्य असे आहे: "भरतीचे पाणी मिठागरात घेतात, उन्हाने बाष्पीभवन होऊन मीठ उरते, मात्र पावसाळ्यात हे काम बंद असते, कारण पाण्यातला खारेपणा कमी होतो." याची चार छोटी वाक्ये झाली आणि 'मात्र' व 'कारण' गेले, तर चार सुटी विधाने उरतात आणि पावसाळ्याचा मिठाशी काय संबंध हे कळत नाही. आगरवाड्याचे मिठागर पाहिलेल्या मुलाला संबंध ठाऊक असेल, फोंड्यातल्या मुलाला पुस्तकातूनच कळायचा.

मांडणीसाठी एआय नको, थोडी शिस्त पुरते. अक्षर मोठे, ओळींत दीडपट अंतर, मजकूर डावीकडे सरळ आणि उजवीकडे मोकळा. दोन्ही बाजूंनी ताणून बसवला की शब्दांमध्ये वेड्यावाकड्या फटी पडतात आणि वाचनाची अडचण असलेल्याची नजर घसरते. अक्षर आणि कागद यांच्या उजळपणातले प्रमाण किमान ४.५ला १ असावे असा आंतरराष्ट्रीय संकेत आहे. पांढऱ्यावर पिवळी अक्षरे त्यात कधीच बसत नाहीत. शीर्षके नुसती ठळक न करता शीर्षक म्हणून नोंदवावीत, म्हणजे स्क्रीन रीडर वापरणारी मुलगी एका विभागातून दुसऱ्यात उडी मारू शकते.

व्हिडिओच्या तळाशी येणारा मजकूर, म्हणजे कॅप्शन, एआय बोलणे ऐकून तयार करते. गोव्यातला शिक्षक एका वाक्यात मराठी, कोकणी आणि इंग्रजी सहज मिसळतो, आणि तिथे यंत्र चुकते. गावांची नावे आणि विषयातले शब्द हाताने दुरुस्त केले की कॅप्शन कामाचे होते. ज्यांना कमी ऐकू येते पण मराठी नीट वाचता येते त्यांना ते पुरते. जन्मतः कर्णबधिर आणि सांकेतिक भाषेतून वाढलेल्या मुलाला पुरत नाही, कारण मराठी त्याची दुसरी भाषा असते. भारतीय सांकेतिक भाषेला स्वतःचे व्याकरण आहे. प्रश्न, नकार, जोर हे चेहऱ्यावर आणि मानेच्या हालचालीतही असतात. एआयने पडद्यावर हातवारे करायला लावलेल्या बाहुल्यांना हे अजून भरवशाने जमत नाही, म्हणून इथे माणूसच हवा. २०१५मध्ये स्थापन झालेले भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र आणि एनसीईआरटी यांनी पाठ्यपुस्तके सांकेतिक भाषेत आणण्याचा करार २०२०मध्ये केला, त्यातले व्हिडिओ आधी शोधावेत.

परवानगी आणि खासगीपणा

पाठ्यपुस्तकाचे असे रूपांतर कायद्यात बसते का, ही शंका रास्त आहे. कॉपीराइट कायद्यात २०१२मध्ये दुरुस्ती झाली आणि दिव्यांग व्यक्तीला वाचता यावे म्हणून विनानफा सुलभ प्रत करण्याची मुभा मिळाली. याच विषयावरच्या मराकेश कराराला २०१४मध्ये सर्वांत आधी मान्यता देणारा देश भारत होता. म्हणजे आपल्या विद्यार्थिनीसाठी प्रत करता येते; तीच प्रत सगळ्यांसाठी खुली करून टाकता येत नाही. २०१६च्या दिव्यांगजन हक्क कायद्याने २१ प्रकारची दिव्यांगत्वे मानली आणि समावेशक शिक्षण ही शिक्षणसंस्थांची जबाबदारी ठरवली, त्यामुळे सुलभ टिपण हा उपकार नाही. २०१६मध्येच सुरू झालेल्या सुगम्य पुस्तकालयात, म्हणजे सुलभ पुस्तकांच्या ऑनलाइन ग्रंथालयात, पुस्तक आधीच तयार असू शकते. ते पाहून मगच कामाला लागावे. ब्रेल लागत असेल तर युनिकोड मजकुरावरून भारतीय भाषांसाठीच्या भारती ब्रेलमध्ये रूपांतर नियमांनी होते, तिथेही एआयची गरज नाही.

एआयला पान द्यावे, मूल देऊ नये. मुलाचे नाव, शाळा, दिव्यांगत्वाचा दाखला, डॉक्टरांचा अहवाल यातले काहीही चॅटमध्ये टाकू नये. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती सांगितली आहे. "सातवीतल्या, स्क्रीन रीडर वापरणाऱ्या विद्यार्थिनीसाठी" एवढे सांगितले की एआयला पुरते.

पणजीत जानेवारी २०२३मध्ये पर्पल फेस्ट हा दिव्यांगांचा महोत्सव सुरू झाल्यापासून गोव्यात दिव्यांगांच्या हक्कांवर उघडपणे बोलले जाते, याचा मला मनापासून आनंद आहे. रोजच्या टिपणाची पाळीही आता यायला हवी, आणि त्यासाठी सगळे पुस्तक एकदम हाती घ्यायची गरज नाही. पुढच्या आठवड्यात शिकवायचा एक धडा निवडावा. टॉकबॅक सुरू करून, पडद्याकडे न बघता तो स्वतः ऐकावा. कुठे अडखळतो ते तिथेच कळते. मग तो विद्यार्थ्याला द्यावा आणि "आवडले का?" असे न विचारता नेमके विचारावे: कोणती आकृती कळली नाही, कुठे परत मागे जावे लागले, आवाज किती वेगाने ठेवलास, तक्ता ऐकताना कोणत्या रकान्यात आहेस हे कळत होते का? आलेली उत्तरे पुढच्या धड्याच्या सूचनेत लिहावीत. दुरुस्त केलेली फाइल इयत्ता, विषय आणि धड्याच्या नावाने शाळेच्या संगणकात जपून ठेवावी, म्हणजे पुढच्या वर्षी तशी गरज असलेले दुसरे मूल त्या वर्गात आले की काम पहिल्या पानापासून करावे लागणार नाही.